उतरना नही ना?

थर्मामीटरचा आकडा चढला म्हणून खूश होणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील. मी पाहिली, धरणगावला, आमच्याच घरात.

माझी धाकटी जाऊ सुनंदा. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण मूल नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, "रोज सकाळी अंथरुणातच ताप मोजायचा. बीज सुटलं की तो जरासा चढतो. दिवस गेले तर मग उतरत नाही."

तेव्हापासून सुनंदा पडून राहायची आणि सासूबाई स्वतः अंगण झाडायच्या. झाडता झाडता खिडकीतून विचारायच्या, "उतरना नही ना व माय?" म्हणजे, ताप उतरला नाही ना?

एका महिन्यात तो खरंच उतरला नाही. पाळीही चुकली. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

सुनंदा सासूबाईंना म्हणाली, "अक्का, खोकला थांबत नाही. घामही फार येतो."

"पोटुशी बाईले असंच व्हस," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी तपासणी झाली. दिवस गेलेच नव्हते. क्षय निघाला.

आता सुनंदा जळगावला दवाखान्यात आहे. सासूबाई रोज सकाळी फोन करतात. प्रश्न तोच आहे, त्यातला एक शब्द तेवढा गेला आहे.

"उतरना ना व माय?"