अर्ज पोचला ती तारीख

माजी सैनिकांच्या कचेरीत नंबरची वाट बघणाऱ्या डेलमरच्या कानावर पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं.

"काम कधी सुटलं तुझं, ऑर्व्हिल?"

"ब्याण्णवला. लढाईवरून आल्यापासून हात थरथरायचे, यंत्रावर कोण ठेवणार?"

"आणि अपंगत्वाचा भत्ता?"

"अर्ज पोचला त्या तारखेपासून. गेल्या मार्चपासून."

"मधली सगळी वर्षं?"

"त्यांच्या लेखी मी ठणठणीत होतो."

"अरे, मग आधीच का नाही टाकलास अर्ज?"

"बायकोनं तेव्हाच भरला होता. आपल्या तुकडीत पाय गेलेली पोरं होती. त्यांच्यादेखत मी काय मागू? सहीच केली नाही."

"मग आता?"

"ती गेल्यावर कपाट आवरताना तो सापडला. सही इथं कर म्हणून पेन्सिलीनं बारीक फुली करून ठेवलेली."

डेलमरनं वर्षभर खिशात बाळगलेला बिनसहीचा अर्ज उलगडला आणि खिडकीवर जाऊन पेन मागितलं.