झेंडूवरचा फवारा

हॅलो? हॅलो… हो, मीच. जीवराम बोलतोय, डेअरीतून… कोण, कमल?

अगं, भर दुपारी? जावईबापू बरे आहेत ना?… पोरं?… मग? दीपनगरहून तुझा फोन येतो तो रात्री नवानंतर. आज डेअरीचा माणूस मला शेतातून बोलवायला आला… सहज? भर दुपारी सहज कोणी फोन करत नाही.

हो, जेवलो. भाकरी, ठेचा… माझी मी करतो गं. वाकडी होते, पण होते.

काय? बांधावर फुलं?… तुला कोणी सांगितलं?… हो, झाली शाळेत बैठक. मी नाही गेलो. बठ्ठ्या गावानं, झाडून सगळ्यांनी, बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू द्यायची म्हणे. माश्यांना पंगत!

मधमाश्या, माहीत आहे मला… हो, हो, गेल्या उन्हाळ्यात कांद्याचं बी भरलं नाही. गोंडे पोकळ निघाले. माझेही निघाले. बियाणंच खोटं होतं…

थांब, थांब. तुझ्या मायच्या वाफ्याचं नाव मध्ये कशाला आलं?

हां. आता समजलं. शेजारचा गिरधर. त्यानंच तुला पढवलं… मग कोणी? लिलाबाईनं? एकच झालं, त्याचीच बायको ती. अगं ऐक ना, तुला नाही कळत. आज फुलं लावतील, उद्या मधाच्या पेट्या ठेवतील, परवा पेट्यांना कुंपण. कुंपण झालं की बांध सरकला! पंधरा वर्षं त्याचा डोळा आहे मायच्या वाफ्याच्या त्या तुकड्यावर.

…जमीन नको त्यांना? मग काय पाहिजे?

फवारा? कोणता?… हो, मारतो. मायच्या झेंडूवर दोन दिवसाआड मारतो. सकाळी, फुलं उमलली की. मग? ती गेल्यापासून एका पानाला कीड लागू दिली नाही मी. तिच्या फोटोला रोज तिच्याच वाफ्यातला हार असतो. एक पान कुरतडलेलं दाखवा म्हणावं…

हो, ऐकतोय.

…सकाळीच येतात त्या माश्या?

निंबावर होतं मोहोळ. वाफ्याच्या अगदी डोक्यावर… आता नाही. उठून गेलं असेल. मोहोळ उठतंच, कमल.

झेंडूखाली?… हो. पडलेल्या असतात. पायांना पिवळं लागलेल्या. मी रोज झाडून काढतो. मला वाटायचं, औषध चांगलं लागू पडतंय.

…म्हणजे कांद्याचं बीही त्यापायीच गेलं?

मग मला कोणी सांगितलं का नाही?… मी? मी कोणाच्या अंगावर गेलो?… हां, आली होती लिलाबाई वाफ्यापाशी. मला वाटलं, फुलं तोडतेय… बरं, उचलला होता दगड. मारला नाही.

…कोथिंबीर? माय ती मुद्दाम फुलू द्यायची? मी ओरडायचो गं तिला, वेळेवर उपटत नाहीस म्हणून. आळशी म्हणायचो… लिलाबाईला सांगितलं होतं तिनं? आणि मला?… हो. मी ऐकलं नसतं.

रडू नको… मी नाही रडत. इथं माणसं आहेत. हां भो, दोनच मिनिटं, होतंय माझं… तुला नाही गं, दुधवाल्याला.

नाही मारणार… म्हटलं ना, नाही मारणार. कीड लागली तर लागू दे. पण त्या वाफ्यात दुसऱ्याचा हात नको. दिवाळी झाली की मीच कोथिंबीर पेरीन… अं? ते मला कुठं ठाऊक? कापूस विचार, कांदा विचार. हे तिचं होतं. धने अख्खे टाकायचे की रगडून?… बघ, तुलाही नाही माहीत.

लिलाबाईला? कोणत्या तोंडानं विचारू?

…इथं? बाहेर? थांब, बघतो.

आहे गं. ओट्यावर बसलीय, पाठ करून. तिनंच इथून तुला फोन लावला होता? तरी म्हटलं, भर दुपारी!

नको, तू ठेवू नको. धर… लिलावहिनी! आत या, कमल बोलतेय… या हो. हातात काही नाही माझ्या.