विहिरीजवळचं घर

आक्रा शहरात, ट्रोट्रो गाडीच्या रांगेत कोर्कोईमावशी उभी होती. तिच्यापुढे एक तरुण जोडपं बोलत होतं.

"सेलोर्म, आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही. गेल्या वर्षी थांब म्हणालास, किंमत दीडपट झाली."

"आणि माझी नोकरी गेली तर? हप्ते काय तुझा बाप भरणार?"

"इथला मालक तरी सोडतोय? परत दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतोय."

"भीती वाटते गं, एन्यो."

"मलाही वाटते. पण टेशीतलं ते विहिरीजवळचं, निळ्या फाटकाचं घर पुन्हा मिळायचं नाही."

लग्न होऊन आल्यापासून मावशी त्याच घरात भाड्याने राहत होती. मालक घर विकतोय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तिथे कुणी राहतं ना पण?" सेलोर्मने विचारलं.

"एक म्हातारी आहे. लेकीकडे जाईल, म्हणाला मालक."

एन्यो मागे वळली. "मावशी, टेशीची काही माहिती आहे का तुम्हाला? वस्ती कशी आहे?"

"चांगली आहे. शेजारीही चांगले आहेत," मावशी म्हणाली. "त्या म्हातारीला तेवढे थोडे दिवस द्या. तिला लेक नाही."