शेजारणीकडं बघून उलटलेली पानं

पान उलटलं म्हणजे वाचलं का हो, मंडळी? थांबा, लगेच माना डोलवू नका. डोलायला काय, वाऱ्यावर जोंधळाही डोलतो! बोटाला थुंकी लावली, पान उलटलं, पोथी पुढं सरकली — माणूस पुढं सरकला का? बुवा, टाळ जरा खाली ठेवा. आज उत्तर मी देणार नाही. एक पोरगी देणार आहे. ऐका!

कोयनेच्या खोऱ्यातलं गाव. तिथल्या यशवंताची लेक, तिचंही नाव कोयना! नदीचं नाव ठेवलं आणि पोरगी निघाली नदीसारखीच — तीही पावसाळ्यातली! वय पंधरा, इयत्ता नववी. भूगोलाच्या तासाला नकाशाची गुंडाळी पुढच्याच्या टाळक्यात. मराठीच्या तासाला बाकाखालून मांजर! फडतरेबाई म्हणाल्या, "कोयना, ऊठ, दुसरा उतारा वाच," की हिच्या हातून पाण्याची बाटली पुढचीच्या दप्तरात उपडी झालीच! "बाहेर हो!" — ही बाहेर. आणि बाहेर जाताना त्या लेकराचा चेहरा बघावा, मंडळी — सुटले गं बाई!

कशातून सुटली? शिक्षेतून? शिक्षा तर आत्ताच झाली! मग? राहू द्या, कळेल.

शेवटी यशवंतानं बोट उगारलं. "सोमवारी सप्ताह बसतोय. सात दिवस गुमान पारायणाला बसायचं. एक तक्रार आली, की शाळेतनं नाव काढलं! मग शेण काढ नि भाकरी थाप."

आणि मांजर सोडणारी, बाटली ओतणारी ती पोर त्या दिवशी जेवली नाही. शाळा हवी होती हो तिला! वर्गात टिकत नव्हती, पण शाळेविना तिला करमतही नव्हतं.

उजाडला सोमवार. मांडवात बायकांची रांग, समोर लाल फडक्यावर पोथ्या. कोयनेच्या शेजारी हौसामावशी — देवळाच्या वाती वळणारी, साठीची, तोंडानं फटकळ. वाचन सुरू झालं, सारा मांडव मोहोळासारखा गुणगुणायला लागला. कोयनेचे ओठ हलतायत, नजर मात्र तिरपी. मावशीनं पान उलटलं, की हिनं उलटायचं. कळलं का आता? पोरीला वाचताच येत नव्हतं! दुसरीत आजारपणात वर्ष गेलं, अक्षरं जुळायची राहिली. वर्ग पुढं गेला, हिलाही पुढं ढकललं. पुढं विचारायची लाज वाटली. लाजेपेक्षा बाटली ओतणं सोपं!

पण गंमत पुढंच आहे! वाचता मावशीलाही येत नव्हतं! ती बघत होती कोयनेकडं — शाळेतली पोर, हिला येतच असणार! कोयनेनं माशी हाकलली, मावशीला वाटलं पान — उलटलं! ते बघून कोयनेनं उलटलं. ते बघून मावशीला वाटलं, अगं बाई, मागं पडले — आणखी एक! पोथी आहे का घाट उतरणारी यष्टी! गुरुवारी दुपारी सारं गाव निम्म्या पोथीत, आणि या दोघी शेवटच्या पानाला कपाळ टेकवून मोकळ्या!

व्यासपीठावरच्या अण्णा महाराजांनी पाहिलं. भोळा माणूस! "अहाहा! चार दिवसांत पारायण! आणा त्या लेकीला माइकपाशी. शेवटची ओवी तिच्या तोंडून होऊ द्या!"

टाळ्या! यशवंताची छाती फुगलेली. फडतरेबाई पुढच्या रांगेत. कोयनेनं पोथीत पाहिलं — काळ्या मुंग्यांची रांग, एक मुंगी थांबेल तर शपथ! मग तिची नजर गेली समईवर. एक लाथ. तेल सांडेल, बोंब होईल, "बाहेर हो!" म्हणतील, सुटले! पण आज बाहेर म्हणजे कायमचं शाळेबाहेर. तरी पाय उचललाच तिनं...

तोच मागून हौसामावशी ओरडली, "अवो महाराज, कसलं पारायण नि काय! मला कुठं वाचाया येतंय? मी आपली हिच्याकडं बघून पानं उलटली!"

मांडव खो खो हसला. कोयनेचा पाय खाली आला. समई तेवत राहिली. माइक चालूच होता.

"मावशी," ती म्हणाली, "मी तुमच्याकडं बघून उलटली."

हसू विरलं. यशवंता ताडकन उठला, "काढतो नाव हिचं—"

"बसा खाली, यशवंतराव!" फडतरेबाई उठून पुढं आल्या. प्रत्येक सांडलेली बाटली आठवली होती त्यांना. "तीन वर्षं मी हिला बाहेर काढतेय. आता आत घेऊ द्या की मला."

हौसामावशी म्हणाली, "मग बाई, एकीच्या जागी दोघी घ्या! फी म्हणून वाती देते."

देवळाच्या ओट्यावर शाळा भरली, मंडळी! मावशी ओली वात वळवून फरशीवर 'क' करायची, कोयना त्याला काना लावायची. एकदा दोघी फाट्यावर उभ्या. यष्टी आली. "मावशी, बघा — क... रा..."

"गप बस! मला वाचू दे! क... रा... ड! कराड!"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात! यष्टी? गेली ना निघून!

दुसऱ्या साली कोयना दहावी पास झाली. अठ्ठावन्न टक्के! यशवंतानं पेढे वाटले आणि गुणपत्रिका तिच्याचकडून मोठ्यानं वाचून घेतली — तीनदा!

त्या साली सप्ताहाला शेवटची ओवी तिनंच वाचली. सावकाश, एकही शब्द न गाळता. सप्ताह उठला, मांडव सुटायला लागला, तरी मावशी आपली तिसऱ्या अध्यायातच! कोयना शेजारी बसून राहिली. मावशीचं बोट शेवटच्या शब्दावर टेकेपर्यंत तिनं काही पान उलटू दिलं नाही.

आता आपल्याकडं वळूया का? गालात हसताय, म्हणजे ओळखलंत! शेजाऱ्यानं पोराला शिकवणी लावली, आपण लावली. तो पळाला, आपण पळालो. कुणी कुणाकडं बघून पानं उलटतंय, कुणाला ठाऊक! घरी जा. जे लेकरू सगळ्यात जास्त उच्छाद मांडतंय, त्याच्या शेजारी बसा. किती झालं, हे विचारू नका. कुठं अडलंय, ते विचारा. आणि ते सांगेपर्यंत पान उलटू नका!

उचला टाळ, बुवा. म्हणा, विठ्ठल! — हळू, हळू म्हणा हो... मावशीचं वाचन अजून चाललंय!