एका चौकटीतलं हिरवं

खेरलेन नदीकाठच्या आमच्या कुरण-कचेरीबाहेर बाकावर तीन माणसं, मिठाच्या चहाचे दोन थर्मास आणि एक पोतं होतं. शेजारच्या खोलीत मी गवताचे नमुने तोलत होते. दार उघडंच होतं. पोतं दुलमाआजीचं. कारकून बातसुख तिचा अर्ज परत करत होता.

“आजी, उपग्रहाच्या चित्रात तुमचं कुरण हिरवंगार दिसतंय. मग हिवाळ्यासाठी शेजारच्या तालुक्यात कळप न्यायची परवानगी कशी देऊ?”

“हिरवं तर तुझं हे दारसुद्धा आहे. मेंढ्या आणून बांधू त्याला?”

“चिडू नका.”

“का चिडू नको? चारशे मेंढ्या आहेत माझ्या. तो चित्र काढणारा कधी खाली उतरून वास घेतो का? हे पोतं हुंग!”

“रानदवणा आहे.”

“मेंढ्या तोंड लावत नाहीत त्याला. बर्फ पडलं की काय तुझं चित्र चारू त्यांना?”

“तुम्ही निवडून रानदवणाच आणला असेल.”

“निवडून? मागच्या वर्षी तुमचीच माणसं गवतमोजणीची मीटरभर लांब-रुंद लोखंडी चौकट आमच्याकडे विसरली. उन्हाळाभर तंबूच्या छपरावर तिच्यावर कापड ताणून दही वाळवलं मी. काल तीच डोळे मिटून फेकली आणि आतलं सगळं कापलं.”

“चौकट सरकारी आहे, आजी. परत करायला हवी होती.”

“आधी तोल, मग माग!”

पोतं माझ्याकडे आलं. मी निवडून तोललं. एका चौरस मीटरमध्ये रानदवणा तीनशे एकोणसत्तर ग्रॅम, गवत त्रेचाळीस.