पाण्यानंतरचं भाषण

—नाही हो, तसं ते बोललेच नाहीत! म्हणजे बोलले, पण तसं नाही. बसा ना, ती पुस्तकं करा बाजूला, खाली खुर्ची आहे. दारावर लोकांनी फासलेल्या डांबराकडे बघू नका, दोनदा घासलं, निघत नाही, आता माझ्यानंही होत नाही—तर काय सांगत होते? हं. ‘फुकटच्या शाळा बंद करा.’ अहो, माझा नवरा जन्मभर त्याच शाळांसाठी भांडला, तो असं म्हणेल? ह्यांची पद्धतच तशी—आधी विरोधकाची बाजू मांडायची, आणि अशी मांडायची की विरोधकानं टाळ्या वाजवाव्यात. मग घोटभर पाणी प्यायचं, पेला खाली ठेवायचा, म्हणायचं, ‘आता माझं ऐका’—आणि एकेक मुद्दा सोलून काढायचा. घरीसुद्धा तेच! मी म्हटलं नवा पंखा घेऊ, तर पंखा का हवा हे माझ्यापेक्षा झकास सांगणार, मी खूश—आणि मग पाणी. पंखा काही आला नाही. हसा, हसा. मीही हसायचे.

लोकांनी काय केलं, त्या दिवशीच्या भाषणातलं पाण्याआधीचं तेवढं कापलं आणि फिरवलं गावभर. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आमची लेक तशाच शाळेत शिकवते—शिक्षकांच्या खोलीत तिला ऐकवतात, ‘तुझे बाबा विकले गेले.’ आमचा फोन उचलत नाही ती. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुमच्या पेपरात एवढंच छापा, की भाषण अर्धं कापलंय. ती वाचेल. रोज वाचते तुमचा पेपर.

काय म्हणालात? सभागृहवाल्याकडचं चित्रीकरण पाहिलंत? पूर्ण?

मग मला काय विचारताय—पाहिलंत ना, पाणी प्यायले, पेला ठेवला, आणि बघत बसले पेल्याकडेच. मी पहिल्या रांगेत, नुसते ओठ हलवतेय, ‘आता माझं ऐका, आता माझं ऐका’—आणि ह्यांनी मला नमस्कार केला हो, परक्या बाईला करावा तसा, आणि बसले खाली. लोकांना वाटलं, संपलं. घरीही वर्षभर तेच चाललंय. दुसऱ्याचं सगळं तोंडपाठ, स्वतःचं तेवढं गेलं. डॉक्टर म्हणतात—जाऊ दे. लेकीला सांगावं, तर ह्यांनीच शपथ घातलीय, समजत होतं तेव्हा. ‘शिव्या खाईन, पण कीव नको. शिव्या देणारा निदान वाद तरी घालतो.’ मग मी काय करू, सांगा ना? लेक तिकडे, शपथ इकडे—

अगं बाई. काय बोलून बसले मी. ते आवाज टिपायचं यंत्र बंद करा. बंद करा म्हणते ना! छापायचंच असेल तर छापा—विकला गेला, शाळांचा वैरी, काय वाट्टेल ते. हे नको. हात जोडते तुम्हाला.

ऐकलंत? आतून आवाज येतोय. तेच—‘फुकटच्या शाळा...’ सुरुवात केली. अजून किती छान बोलतात, नाही? चला, उठा तुम्ही. ह्यांना पाणी द्यायचंय.