तबला अजून थोडा वर

कानांच्या दवाखान्यात सकाळचं ऊन पायरीवर बराच वेळ रेंगाळलं आणि मग संकोचल्यासारखं आत येऊन एका वृद्ध गायकाच्या पायांशी बसलं. शेजारी त्यांची पत्नी होती.

“जुन्या गाण्यांचा नवा अल्बम म्हणे! त्यात तबला आहे कुठे?”

“अहो, बडवून बडवून तबलजीची बोटं सुजली.”

“मग रेकॉर्डिंगवाला नवशिका असेल.”

“आणि दारावरची घंटा? तीही नवशिकी?”

“मी केवळ तुझ्या सोबतीला आलोय.”

“कागदावर नाव तुमचं आहे.”

“काल माझं गाणं ऐकून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं!”

“अर्धा सूर खाली गात होतात. सांगायचं कुणी?”

समोरच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

“आजोबा, तिसऱ्यांदा विचारतेय. काय त्रास होतोय?”

“माझं गाणं मला ऐकू येत नाही.”